३.४ कुठून आला?

बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. डीएनएच्या एका वेढ्याची उंची? ३.४ नॅनोमीटर. दोन पायऱ्यांमधलं अंतर? ०.३४. एका वेढ्यात पायऱ्या किती? दहा. जाडी? दोन नॅनोमीटर. उत्तरं धडाधड येतील. मग विचारा, हे मोजलं कुणी आणि कशानं? इथं गाडी अडते. थोडा वेळ जाऊन ‘वॉटसन आणि क्रिक’ अशी जोडगोळी पुढे येते. पण त्या दोघांनी डीएनएचा एकही क्ष-किरण फोटो काढलेला नव्हता.

ज्यांचं वाचन थोडं जास्त आहे ते दुसरी गोष्ट सांगतात. रोझालिंड फ्रँकलिन यांनी काढलेला ‘फोटो ५१’ त्यांच्या नकळत वॉटसन यांना दाखवला गेला, त्यावरून रचना सापडली आणि नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स या तिघा पुरुषांनी वाटून घेतलं. सहानुभूतीनं सांगितलेली ही गोष्ट आता भलतीच लोकप्रिय झाली आहे. माझ्या मते ती फ्रँकलिन यांना न्याय देण्याच्या नादात त्यांना लहान करते. त्यांना ती फोटोग्राफर करून टाकते, एक उत्तम फोटो काढला पण त्याचा अर्थ दुसऱ्याला कळला, अशी. नोंदवह्या, अहवाल आणि शोधनिबंध शेजारी ठेवून पाहिलं तर प्रकरण वेगळं दिसतं, आणि श्रेयाचा हिशोब कुठे चुकला हेही जास्त नेमकं कळतं.

आधी फोटो म्हणजे काय ते बघू. बर्नच्या रुडॉल्फ सिग्नर यांनी वासराच्या थायमस ग्रंथीतून डीएनए काढला होता. त्याचे रेणू इतर नमुन्यांतल्यासारखे तुटलेले नव्हते, चांगले लांबलचक होते. १९५० मध्ये त्यांनी तो लंडनच्या बैठकीत वाटून टाकला आणि त्यातला थोडा किंग्ज कॉलेजच्या मॉरिस विल्किन्स यांच्या हाती लागला. पाणी घातलं की त्याचा चिकट गर होतो. त्याला काचेची कांडी टेकवून हलकेच वर उचलली की पाकाची तार निघावी तसा धागा निघतो, फक्त एकतारी पाकापेक्षा कितीतरी बारीक, कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूइतका. ओढताना रेणू धाग्याच्या दिशेनं रांगेत लागतात, आणि सगळी मदार या रांगेवर असते. विस्कटलेल्या रेणूंमधून क्ष-किरण सोडले तर फिल्मवर नुसती वर्तुळं उमटतात, दिशेची माहिती पुसली जाते.

रेमंड गॉसलिंग या पीएचडीच्या विद्यार्थ्यानं असे सुमारे ३५ धागे एका कागदी क्लिपेच्या चौकटीवर ताणून बसवले. कॅमेऱ्यात हवा असेल तर हवेचे रेणूही किरण विखुरतात आणि फिल्म धुरकट होते, म्हणून आत हायड्रोजन सोडायचा. हायड्रोजन गळू नये म्हणून किरण येण्याच्या नळीभोवती चक्क निरोध बांधला होता. कोरड्या हायड्रोजननं धागा वाळतो आणि चित्र बिघडतं, तेव्हा वायू पाण्यातून बुडबुडे काढत आत न्यायचा. प्रयोगशाळेतलं ‘महान संशोधन’ जवळून पाहिलं तर बहुधा असंच दिसतं: गळती, ओल, आणि जुगाड.

जानेवारी १९५१ मध्ये फ्रँकलिन किंग्जमध्ये आल्या त्या पॅरिसहून, कोळसा आणि कार्बनच्या रचनेवर काम करून. ओल आणि सच्छिद्रता हा त्यांच्या हातचा मळ होता. त्यांनी पहिली गोष्ट केली ती आर्द्रता काटेकोर राखण्याची. हायड्रोजन क्षारांच्या द्रावणांतून न्यायचा. कोणतं द्रावण घेतलं त्यावर वायूतली आर्द्रता ठरते. ७५ टक्क्यांच्या आसपास धागा स्फटिकासारखं, टोकदार ठिपक्यांचं चित्र देतो. याला ‘ए’ रूप म्हणतात. ९२ टक्क्यांच्या वर नेला की धागा डोळ्यांना दिसेल इतका लांब होतो आणि चित्र पार बदलतं. ते ‘बी’ रूप. परत वाळवला की परत ‘ए’. त्याआधीच्या फोटोंमध्ये ही दोन रूपं एकमेकांत मिसळलेली असायची. एकाच फिल्मवर दोन चेहरे उमटले तर ओळखायचं कुणाला? हा घोळ फ्रँकलिन आणि गॉसलिंग यांनी निस्तरला, आणि माझ्या लेखी फोटो ५१ पेक्षा हे काम मोठं आहे. कारण यातूनच पुढचा निष्कर्ष निघतो. पाणी इतक्या सहज आत-बाहेर करतं, त्याअर्थी पाण्याची ओढ असलेले फॉस्फेट रेणूच्या बाहेरच्या अंगाला असणार आणि बेस, म्हणजे ज्यांच्या जोड्यांच्या पायऱ्या बनतात ते घटक, आत असणार.

हे त्यांनी नोव्हेंबर १९५१ च्या व्याख्यानात मांडलं. वॉटसन समोर बसले होते, त्यांनी टिपणं घेतली नाहीत आणि पाण्याचा आकडा चुकीचा लक्षात ठेवला. आठवड्याभरात केंब्रिजमध्ये त्यांचा आणि क्रिक यांचा तीन पदरी नमुना (मॉडेल) उभा राहिला, फॉस्फेट मधोमध! किंग्जची मंडळी बघायला गेली तेव्हा फ्रँकलिन यांनी विचारलं ते एवढंच, की पाणी कुठाय? नमुना तिथेच कोसळला. सव्वा वर्षानं लायनस पॉलिंग यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ त्याच खड्ड्यात पडला: तीन पदर, फॉस्फेट आत, तेही हायड्रोजन धरून ठेवलेले. म्हणजे नावात ॲसिड असलेला हा पदार्थ त्यांच्या नमुन्यात ॲसिडच उरत नव्हता. नमुने बांधण्यात जगात पहिल्या रांगेत असलेली माणसं एकाच जागी ठेचकाळली, कारण मोजमाप त्यांच्यापाशी नव्हतं.

आता फोटो ५१. मे १९५२, ‘बी’ रूपातला एकच धागा, ६२ तास क्ष-किरणांसमोर. मधोमध ठिपक्यांची फुली, वर-खाली दोन गडद कंस. फुली दिसली की रेणूला पीळ आहे हे कळतं. वरचे कंस म्हणजे ३.४ ॲंगस्ट्रॉमवर, म्हणजे ०.३४ नॅनोमीटरवर (दहा ॲंगस्ट्रॉमचा एक नॅनोमीटर) रचलेल्या चकत्या. फुलीच्या हातांवरच्या ओळी मोजत गेलं तर कंस दहाव्या ओळीवर येतो, म्हणून एका वेढ्यात दहा पायऱ्या आणि वेढा ३४ ॲंगस्ट्रॉमचा. फुलीच्या कोनावरून त्रिज्या मिळते. आणि चौथी ओळ जवळजवळ गायब आहे. ती गायब असण्याचा अर्थ असा की पदर दोन आहेत, पण ते एकमेकांपासून बरोबर अर्ध्या वेढ्यावर नाहीत. वेढ्याच्या तीन अष्टमांश अंतरानं सरकलेले आहेत. रेणूवरची मोठी आणि छोटी खाच यातूनच येते.

गंमत म्हणजे ३.४ हा आकडा तरी याच फोटोतून पहिल्यांदा आला का? नाही. लीड्समध्ये विल्यम ॲस्टबरी यांच्याकडे काम करणाऱ्या फ्लॉरेन्स बेल या विद्यार्थिनीच्या फोटोंवरून तो १९३८ मध्येच छापून आला होता. तेव्हा तो ३.३४ होता. शीर्षकातल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर बेल हे आहे, आणि हे नाव आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत मला कुठे दिसलेलं नाही.

जानेवारी १९५३ च्या अखेरीला विल्किन्स यांनी वॉटसन यांना फोटो ५१ दाखवला. फ्रँकलिन तेव्हा किंग्ज सोडून बर्कबेक कॉलेजला निघाल्या होत्या आणि फोटो गॉसलिंग यांच्यामार्फत विल्किन्स यांच्याकडे आला होता, म्हणजे कपाट फोडलेलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. पण केवळ तो फोटो पाहून कुणालाही द्विसर्पिल रचना बांधता आली नसती. पीळ आहे एवढं कळून उत्साह वाढला असता. खरा माल होता तो दुसऱ्या कागदात. मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या समितीनं डिसेंबर १९५२ मध्ये किंग्जला भेट दिली तेव्हा सादर झालेल्या अहवालात फ्रँकलिन आणि गॉसलिंग यांचे आकडे होते. समितीचे सदस्य मॅक्स पेरुट्झ यांनी तो फेब्रुवारीत केंब्रिजमध्ये क्रिक यांच्यापर्यंत पोचू दिला. त्यात ‘ए’ रूपाच्या स्फटिकाची सममिती दिली होती, स्फटिकशास्त्राच्या भाषेत सी-२. घोड्याच्या हिमोग्लोबिनची सममितीही हीच असल्यानं क्रिक यांना ती तोंडपाठ होती. त्यांनी एका क्षणात ओळखलं: धागा उलटा धरला तरी तसाच दिसतो, म्हणजे दोन पदर एकमेकांच्या विरुद्ध दिशेनं जातात. दुपदरी रस्त्याचा नकाशा उलटा धरा. एक पदरी जाणारी वाहनं आणि एक पदरी येणारी, चित्र तेच राहतं. हे फ्रँकलिन यांच्या आकड्यात होतं, त्यांच्या नजरेतून निसटलं. तिथं क्रिक यांचं श्रेय निर्विवाद आहे.

फ्रँकलिन चुकल्याच नाहीत असंही कुणी समजू नये. ‘ए’ रूपाचे ठिपके जास्त सुबक, म्हणून जास्त माहिती त्यातच, या तर्कानं त्या कित्येक महिने हातानं आकडेमोड करत ‘ए’ मध्ये अडकल्या. जुलै १९५२ मध्ये तर त्यांनी आणि गॉसलिंग यांनी ‘ए’ रूपातल्या सर्पिलाच्या निधनाचं काळ्या चौकटीचं थट्टेचं कार्ड वाटलं होतं. बेसची जोडी त्यांना सापडलेली नव्हती. ती जमली वॉटसन यांना, २८ फेब्रुवारी १९५३ ला, पुठ्ठ्याचे तुकडे कापून. तेही रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू यांनी आदल्या दिवसांत सांगितल्यावर की, तू पुस्तकातून उतरवलेली बेसची रूपं चुकीची आहेत, हायड्रोजन दुसऱ्या जागी हवा. त्यामागे अर्विन चारगाफ यांनी मोजलेली चार बेसची गुणोत्तरं होती: ए आणि टी यांचं प्रमाण सारखं, जी आणि सी यांचं सारखं (इथला ए हा बेस, ‘ए’ रूप नव्हे). जोडी ही खरोखर झेप होती. पण २४ फेब्रुवारीच्या नोंदीप्रमाणे फ्रँकलिन स्वतःच्या वाटेनं दोन्ही रूपांसाठी दोन पदरांपर्यंत पोचल्या होत्या, आणि ‘बी’ रूपाविषयीचा त्यांचा मसुदा १७ मार्चचा आहे, केंब्रिजचा निबंध किंग्जला पोचायच्या एक दिवस आधीचा.

मग अन्याय नेमका कुठे झाला? माझं बोट जानेवारीतल्या फोटोकडे जात नाही, एप्रिलमधल्या एका वाक्याकडे जातं. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये तीन निबंध ओळीनं छापले गेले: वॉटसन-क्रिक, मग विल्किन्स आणि सहकारी, मग फ्रँकलिन-गॉसलिंग. पहिल्या निबंधात किंग्जचा उल्लेख आहे तो असा की, त्यांच्या अप्रकाशित निष्कर्षांच्या सर्वसाधारण स्वरूपाची माहिती आम्हाला प्रेरक ठरली. सर्वसाधारण स्वरूप! हातात होते ते नेमके आकडे. वाचणाऱ्याचा समज असा झाला की दोघांनी विचारानं रचना शोधली आणि किंग्जच्या मोजमापांनी नंतर तिला दुजोरा दिला. कार्यकारणाचा क्रमच उलटा झाला. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातल्या सविस्तर निबंधात क्रिक आणि वॉटसन यांनी स्वच्छ लिहिलं की, किंग्जच्या माहितीशिवाय ही रचना मांडली जाण्याची शक्यता अगदीच कमी होती, कदाचित ते अशक्यच होतं. पण ते आलं तळटीपेत. तळटीप कोण वाचतं? पेरुट्झ यांनीही १९६९ मध्ये अहवाल छापून खुलासा केला की तो गोपनीय नव्हता, तरी किंग्जच्या जॉन रँडल यांना विचारायला हवं होतं.

नोबेलबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे, की फ्रँकलिन जगल्या असत्या तर मिळालंच असतं. त्या १६ एप्रिल १९५८ ला, वयाच्या ३७ व्या वर्षी कर्करोगानं गेल्या. पारितोषिक १९६२ चं. पण वॉटसन-क्रिक यांची नावंसुद्धा पहिल्यांदा सुचवली गेली ती १९६० मध्ये, आणि फ्रँकलिन यांचं नाव हयातीत कुणीच सुचवलं नाही. एका पारितोषिकात तिघांची मर्यादा असताना चौथ्या नावाचं काय झालं असतं हे सांगायला ज्योतिषीच हवा.

श्रेयाची एवढी चिरफाड कशाला, असं कुणी म्हणेल. कारण ‘१९५३ मध्ये रचना सापडली’ या वाक्यावर विश्वास ठेवला तर विज्ञान कसं चालतं याबद्दल चुकीचा धडा मिळतो. १९५३ मध्ये सापडला तो एक उत्तम अंदाज. त्यात जी आणि सी यांच्यात दोनच हायड्रोजन बंध दाखवले होते. तिसरा १९५६ मध्ये पॉलिंग आणि कोरी यांनी घातला. आणि एक जबरदस्त आक्षेप पहिल्या दिवसापासून होता: पीळ सुटणार कसा? हिशोब करा. ई. कोलाय जिवाणूच्या डीएनएत ४६ लाख पायऱ्या, साडेदहाला एक वेढा, म्हणजे सुमारे ४ लाख ४० हजार वेढे. नक्कल करायला ४० मिनिटं आणि काम दोन टोकांनी चालू. प्रत्येक टोकापाशी मिनिटाला साडेपाच हजारांच्या आसपास फेरे सुटायला हवेत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात; इथं सुंभ शाबूत ठेवून पीळ काढायचा आहे.

म्हणूनच १९७६ मध्ये न्यूझीलंडच्या रॉडली यांच्या गटानं आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. शशिशेखरन यांनी वेगळी मांडणी केली: दोन पदर एकमेकांभोवती गुंडाळलेले नसून शेजारी-शेजारी असावेत, थोडा उजवा पीळ, थोडा डावा. शशिशेखरन म्हणजे कुणी हौशी नव्हेत. प्रथिनांचा प्रसिद्ध ‘रामचंद्रन आलेख’ ज्या निबंधात आला त्याचे ते सहलेखक. त्यांना वेड्यात काढणं सोपं होतं. पण धाग्याच्या फोटोंवरून त्यांचं म्हणणं साफ खोडून काढता येत नव्हतं, कारण धाग्याचा फोटो सरासरी दाखवतो, एकेक अणू दाखवत नाही. उत्तर दिलं ते नव्या मोजमापांनी. जेम्स वँग यांनी १९७१ मध्ये पदर कापून, पीळ सोडवून पुन्हा सांधणारं विकर (एन्झाइम) शोधलं होतं, त्यामुळे पीळ सुटण्याचा प्रश्न तर मिटला. १९७९ मध्ये त्यांनीच द्रावणातल्या डीएनएत एका वेढ्याला सुमारे १०.४ पायऱ्या मोजल्या. शेजारी-शेजारी रचना असती तर पदरांची एकमेकांतली गुंतवण जवळजवळ शून्य आली असती. शेवटी १९८० मध्ये रिचर्ड डिकरसन यांच्या गटानं १२ जोड्यांच्या तुकड्याचा स्फटिक करून ‘बी’ रूप अणूंच्या पातळीवर दाखवलं. त्याच्या आदल्याच वर्षी पहिल्या तशा स्फटिकानं सगळ्यांना चाट पाडलं होतं: तो डावा पीळ निघाला, झेड-डीएनए.

या वादाचं फळ आपण पोटात घेतलेलं आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी जिवाणूच्या पीळ सांभाळणाऱ्या विकराला, गायरेजला, मधेच अडकवते. कापलेले पदर सांधले जात नाहीत आणि जिवाणू मरतो. ‘पीळ सुटणार कसा’ हा चिवट प्रश्न लोकांनी सोडून दिला नाही, म्हणून ती गोळी कशी मारते हे आज सांगता येतं.

तेव्हा पाठ्यपुस्तकात ‘विल्किन्स आणि फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण माहितीच्या आधारे’ असा अर्ध्या ओळीचा नैवेद्य ठेवून भागणार नाही. बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात तो आहेच, आणि त्यानं कुणाचं काही शिकून झालेलं नाही. निबंधांत कुणी काय केलं हे १४ ठरावीक भूमिकांत सांगण्याची पद्धत आता अनेक नियतकालिकांत आहे: कल्पना कुणाची, मोजमाप कुणाचं, विश्लेषण कुणाचं. ती चांगली आहे, पण तीही तळटीपेसारखी शेवटीच छापली जाते. ‘वॉटसन-क्रिक प्रतिकृतीचे वर्णन करा’ हा प्रश्न पेपरातून काढून ‘चौथी ओळ गायब आहे, यावरून काय कळते?’ असा घातला तर चित्र पाठ करून चालणार नाही.

याला महागडी उपकरणं लागत नाहीत. जुन्या टॉर्चचा फिलामेंटचा बल्ब घ्या, एलईडीचा नको. फडक्यात गुंडाळून शिक्षकांनी पकडीनं काच फोडायची, कारण वाकड्या काचेतून ठिपके फाकतात. फिलामेंट उभं धरून साध्या लाल लेझर पॉइंटरचा झोत त्यावर सोडा, अंधाऱ्या वर्गात तीन मीटरवरच्या भिंतीवर. झोतात कुणी डोळा आणायचा नाही. भिंतीवर फुली दिसते. बॉलपेनच्या स्प्रिंगनंही ती निघते, पण तिचे वेढे मिलिमीटरभर अंतरावर असतात, त्यामुळे ठिपके इतके दाटीनं पडतात की मोजता येत नाहीत. वेढा जितका बारीक तितकी फुली मोठी. आता ठिपक्यांच्या ओळींमधलं उभं अंतर मोजा. समजा दोन सेंटिमीटर आलं. लेझरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, तिला तीन मीटरनं गुणा आणि दोन सेंटिमीटरनं भागा. उत्तर येतं जवळपास ०.१ मिलिमीटर. मग फिलामेंट भिंगाखाली ठेवायचं, शेजारी पट्टी, आणि एका मिलिमीटरमध्ये वेढे किती बसतात ते मोजायचं. दहा यायला हवेत.